वानवळ्याचं प्यादं

माझ्या हाताला शिवणटिपण कधी जमलं नाही, आणि सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

आमच्या हुलसूरकडच्या नात्यागोत्यात मुलगी दाखवायच्या दिवशी तिच्या हातचं काम सतरंजीवर मांडून ठेवायची पद्धत अजून आहे. मण्यांचं तोरण, क्रोशाचे रुमाल, जुन्या लुगड्यांची शिवलेली कौदी. पाहुणे उप्पीट खातात, चहा पितात, आणि उठता उठता मुलाची आई त्यातली एक वस्तू उचलते. घरच्या बायकांना दाखवते म्हणून घेऊन जाते. वस्तू उचलली म्हणजे मुलगी पसंत. तिनं उचललेल्या वस्तूला नाही म्हणायचं नसतं.

माझ्याकडे मांडायला काय होतं? बुद्धिबळाच्या स्पर्धेत मिळालेले दोन कप आणि एक वही. आई, म्हणजे आमची अव्वा, म्हणाली, शेजारणीची कौदी आणून ठेवू, कोण विचारतंय. अप्पांना ते पटलं नाही. त्यांचं बी-बियाणांचं दुकान, आणि खोटं वाण विकायचं नाही यावर ते भलतेच ताठ. त्यांनी स्वतःच्या हातांनी दोन कप पुसले आणि मधोमध माझी वही ठेवली. मी बघत राहिले. मलाही त्या वेळी थोडा अभिमानच वाटला, हे कबूल करते.

तपकिरी पुठ्ठ्याची दोनशे पानी वही होती ती. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून मी खेळलेला प्रत्येक डाव तिच्यात होता, आणि पुढची सत्तर पानं एकाच सुरुवातीला दिलेली होती. पांढऱ्या सोंगट्या माझ्याकडे आल्या की मी तीच सुरुवात खेळायची. राजापुढचं प्यादं दोन घरं, मग घोडा, मग उंट. समोरचीचाही उंट बाहेर आला की त्याच्या तोंडासमोर आपलं एक प्यादं फुकट नेऊन ठेवायचं. तिनं ते खाल्लं की तिचा वेळ जातो आणि आपल्या सोंगट्या भराभर मोकळ्या होतात. पुस्तकात या सुरुवातीला कुण्या साहेबाचं नाव आहे. अप्पा तिला वानवळा म्हणायचे. शेतात काही नवं आलं की त्यातलं थोडं शेजारीपाजारी पाठवतात तसं हे प्यादं, असं त्यांचं म्हणणं. सोंगट्या कशा चालतात ते मला त्यांनीच शिकवलं होतं, दुकानाच्या पायरीवर, खताच्या रिकाम्या पोत्यावर पट मांडून.

स्थळ लांबचं होतं. अफझलपूर तालुक्यात, करजगीच्या पुढं. मोठी शेती, तुरीचा व्यापार, आमच्यासारखीच मराठी आणि कन्नड मिसळून बोलणारी माणसं. मुलगा घरातला धाकटा. आई, थोरली सून आणि एक मामा एवढेच त्याच्याबरोबर आले होते.

थोरली सून सतरंजीच्या काठावर बसली. ऐन उन्हाळ्यात तिनं मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं घातलं होतं. अव्वानं तिला माहेर कुठलं म्हणून विचारलं, तर उत्तर सासूनं दिलं. फोन नंबर मागितला तर सासूच म्हणाली, तिचा फोन पाण्यात पडलाय. उप्पिटाची बशी समोर ठेवली तेव्हा तिनं आधी सासूकडे बघितलं आणि मगच चमचा उचलला. मी हे सगळं पाहिलं. पटावर समोरचीच्या नजरेवरून तिचा बेत ओळखणारी मी, पण त्या दिवशी माझ्या डोक्यात फक्त वही होती.

कारण उठताना मुलाच्या आईनं कप बाजूला सारले आणि वही उचलली.

"आमची बी पोरगी ह्याच नादाची हाय," ती म्हणाली. "एवढी वही नेते बघा घरला."

अप्पांच्या चेहऱ्यावरचं हसू थोडं हललं, पण ते हसतच राहिले. मी अव्वाकडे बघितलं, अव्वानं जमिनीकडे. सत्तर पानं त्या बाईच्या काखेत गेली आणि गाडीत बसली. कौदी गेली असती तर आम्ही दुसरी शिवली असती. अप्पांचा मला तेव्हा राग आला, आणि खरं सांगायचं तर अजूनही येतो.

बोलणी झाली त्यात एक गोष्ट मी धरून बसले. दिवाळीनंतर कलबुर्गीला आमच्या आणि त्यांच्या अशा दोन्ही जिल्ह्यांची महिला निवड स्पर्धा होती. पहिली येणारी राज्याला जाणार आणि पुढे वर्षभर म्हैसूरच्या शिबिरात राहणार. मी अप्पांना म्हटलं, मी पहिली आले तर लग्न वर्षभर पुढे ढकला. नाही आले तर वैशाखात उभी राहते, हूं की चूं करणार नाही. अप्पांनी हे पाहुण्यांना कळवलं. तिकडून आनंदानं होकार आला. एवढ्या आनंदानं की मला आत कुठेतरी खुटखुटलं.

मुलाचे फोन सुरू झाले. पहिलं वाक्य ठरलेलं, कुठं हायस. घरी आहे म्हटलं की तो म्हणायचा, मग अव्वाला दे. अव्वा बाहेर गेली असेल तर म्हणायचा, खोलीचा फोटो पाठव. एकदा मी ग्रंथालयात होते आणि फोन बंद होता. बाहेर आले तर बावीस मिस्ड कॉल. मी अप्पांना दाखवलं. ते म्हणाले, काळजी करायलाय बिचारा. मी अप्पांना वही परत मागायला सांगितलं होतं, त्यांना तिकडून उत्तर आलं, घरातच हाय की, तिला काय पाय फुटलेत का.

मी वहीशिवाय तयारी करू लागले. एका परीनं बरंच झालं, कारण पाठ असलेलं सगळं नव्यानं तपासावं लागलं. वहीत शेवटी शेवटी मी एक ओळ लिहून तिच्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. या सुरुवातीत पांढरा एकामागून एक तीन प्यादी देतो. माझी ओळ होती, काळ्यानं तिसरं प्यादंही खावं, पांढऱ्याकडे काही उरत नाही. आठवडाभर डोकं लावल्यावर दिसलं की मी साफ चुकले होते. तिसरं प्यादं खाल्लं की पांढरा वजीर बाजूनं बाहेर येतो आणि काळ्याच्या राजाला श्वास घ्यायला जागा उरत नाही. ते प्यादं सोडून काळ्यानं घोडा राजापुढं आणला, तर मात्र आपण दोन प्यादी उधळून मोकळे. म्हणजे माझी अख्खी सुरुवात समोरचीच्या एका चालीवर टांगलेली होती. हे मी कुणाला सांगितलं नाही.

स्पर्धा एका शाळेच्या सभागृहात होती. दोन दिवस, पाच फेऱ्या. वर पंखे नुसतेच गरगरत होते. पालकांसाठी मागे दोरी बांधून प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. पहिल्या सकाळी अप्पा तिथं बसलेले बघितले तेव्हा त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर मुलाची आई होती. मांडीवर डबा, डब्यावर दोन्ही हात. मला बघून तिनं मान हलवली. तिची मुलगी त्याच स्पर्धेत खेळत होती.

मुलगी अठरा-एकोणीस वर्षांची. घट्ट वेणी, कानामागे आखूड झालेली पेन्सिल. चाली पेनानंच लिहायच्या असतात म्हणून पंचांनी तिला दोनदा हटकलं, तेव्हा तिनं पेन घेतलं, पण पेन्सिल कानामागून काढली नाही. आईसमोर ती मला वहिनी म्हणाली आणि वाकून नमस्कार केला. तिचे हात बर्फासारखे गार होते, त्या उकाड्यात.

चार फेऱ्या मी जिंकले. चार फेऱ्या तीही जिंकली. पाचव्या फेरीची जोड्यांची यादी भिंतीवर चिकटवली तेव्हा पहिल्याच ओळीत आम्ही दोघी होतो आणि पांढऱ्या सोंगट्या माझ्याकडे होत्या. पंच म्हणाले, बरोबरी झाली तर आधी हरवलेल्या खेळाडूंच्या गुणांचा हिशोब धरावा लागेल, आणि त्यात ती पुढे आहे. म्हणजे मला जिंकणं भाग होतं. तिला नुसतं न हरणं पुरत होतं.

फेरीआधी जेवायला बसलो. त्या बाईनं डबा उघडला. शेंगांच्या होळग्या, म्हणजे दाण्याच्या कुटाच्या पोळ्या होत्या, वर साजूक तूप. तिनं माझ्या ताटात दोन वाढल्या आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात तिनं जेवण होईपर्यंत काढलाच नाही.

"लहान हाय गं ती. ह्या साली तिला जाऊ दे, बरोबरीत सोडवून टाका दोघी," ती म्हणाली. "तुला काय कमी पडायलंय? तू तर आता आमच्याच घरी यायलीस."

मी अप्पांकडे बघितलं. अप्पा भाकरीचा तुकडा चटणीत बुडवून तसेच थांबले होते. पुढे तो तुकडा त्यांनी खाल्ला. त्यावरून मला कळलं की इथून पुढे मी एकटी आहे. मुलीनं ताटातलं काही खाल्लं नव्हतं. ती मान खाली घालून पेन्सिलीनं कागदी बशीवर चौकोन काढत होती.

डाव सुरू झाला. मी राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं, तिनंही. मी घोडा काढला, तिनं घोडा. मी उंट, तिनं उंट. माझा हात घड्याळावरून मागे येतो न येतो तोच तिची चाल झालेली असायची. चौथ्या चालीला मी वानवळ्याचं प्यादं पुढं केलं. चांगल्या चांगल्या खेळाडू इथं थबकतात, हे फुकट का देतेय म्हणून संशयानं बघतात. तिनं ते सहज उचललं. ती माझ्याशी खेळत नव्हती, ती माझी वही म्हणून दाखवत होती. ज्या पानांसाठी मी परीक्षेच्या काळातही जागले, जी ताप असताना पलंगावर पडून लिहिली, ती पानं ती एकेक करून माझ्यासमोर परत ठेवत होती, आणि दोरीमागून तिची आई शांतपणे बघत होती.

पर्याय होता. वेगळ्या, साध्या वाटेनं जाता आलं असतं. पण तिकडे गेले तर डाव बरोबरीत जाणार हे दिसत होतं, आणि बरोबरी म्हणजे वैशाख. मी दुसरं प्यादं दिलं. किल्लेकोट करून राजा कोपऱ्यात नेला. आता तिसरं प्यादं तिच्या तोंडापुढं होतं. आम्ही त्या दोन रेघांवर येऊन पोचलो होतो.

आणि इथं ती पहिल्यांदाच थांबली.

पाच मिनिटं, दहा मिनिटं, वीस मिनिटं. तिनं दोन्ही तळवे मांडीखाली घेतले. मी घड्याळाकडे बघत होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, खा, खा ना गं. वहीत लिहिलंय ना, खा. दोरीमागं खुर्ची करकरली. मुलीनं मान वळवून आईकडे बघितलं, मग बराच वेळ माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत शत्रुत्व नव्हतं. काय होतं ते मला तेव्हा समजलं नाही, आणि समजून घ्यायची मला गरजही वाटली नाही, कारण तिचा हात आता पटावर आला होता आणि घोड्याच्या वर थांबला होता.

तिला सापडलं होतं. घोडा राजापुढं येणार आणि मी संपणार. त्या क्षणी मला म्हैसूर दिसलं नाही. दिसली ती मनगटापर्यंतची पोलक्याची बाही आणि चमचा उचलण्याआधी वर झालेली नजर. आठ महिने जे मी बाजूला सारत आले होते ते नेमकं त्या घोड्यावर थांबलेल्या हाताखाली येऊन बसलं, आणि मला भीती वाटली. स्पर्धेत वाटते तसली नाही, अंधाऱ्या विहिरीत वाकून बघितल्यावर वाटते तसली.

हात घोड्याला न शिवता पुढे गेला. तिनं तिसरं प्यादं खाल्लं, ते पटाबाहेर ठेवलं आणि घड्याळ दाबलं.

मला आनंद झाला. आज त्याची लाज वाटते, पण झाला. मी वजीर बाहेर काढला. त्यानंतर डाव म्हणजे उतारावरून सुटलेली बैलगाडी होती. तिच्या राजाला ना पुढं जाता आलं ना मागं. तिनं नीट, एकही सोंगटी फुकट न घालवता बचाव केला, पण वाचण्यासारखं काही शिल्लक नव्हतं. चोविसाव्या चालीला तिनं घड्याळ थांबवलं आणि हात पुढे केला. तिचा हात आता गरम होता.

दोघींनी एकमेकींच्या कागदावर सह्या करायच्या असतात. सही करताना ती खाली वाकली, तिची वेणी माझ्या कागदावर आली. कागदावरून नजर न उचलता ती बोलली. या वेळी ती मला वहिनी म्हणाली नाही.

"अक्का, आमच्या घरी येऊ नका. मोठ्या वहिनीचा फोन पाण्यात पडला न्हाई, मोठ्या अण्णानं फोडलाय. हात बी त्यानंच मोडला. धाकला अण्णा येगळा न्हाई."

मी काही बोलायच्या आत तिनं पेनाला टोपण लावलं.

"वही बाहेर पिशव्यांच्या टेबलावर हाय, निळ्या पिशवीत. तुम्हीच काढून घ्या. म्या दिली असं दिसू नये."

ती उठली आणि सरळ दोरीकडे चालत गेली. तिची आई उभी होती. तिनं मुलीला मारलं नाही, रागावली नाही. फक्त तिच्या कानामागची पेन्सिल काढून घेतली आणि पर्समध्ये टाकली. मी कितीतरी पराभव पाहिलेत, पण इतक्या गुपचूप झालेली शिक्षा पाहिलेली नाही.

निळ्या पिशवीतून वही काढताना मी चोरासारखी आजूबाजूला बघत होते. संध्याकाळच्या बसमध्ये अप्पा खिडकीशी बसले, मी शेजारी. माझ्या हातात कप होता, आणि ते कपाकडे बघतही नव्हते. कमलापूर मागे पडल्यावर मी वही उघडली. सत्तर पानं जशीच्या तशी होती. कोपरे हाताळून मऊ झाले होते. त्या दोन रेघांच्या पानावर, माझ्या शाईखाली, पेन्सिलीचं बारीक अक्षर होतं.

खाऊ नये. घोडा राजापुढं. मग पांढऱ्याला काही न्हाई.

खाली सहा चालींपर्यंत सगळं सोडवून दाखवलं होतं, मी केलं होतं त्यापेक्षा नेटकं. पेन्सिल पुसट झाली होती. त्या पानावर नंतर कधीतरी चहाचा डाग पडला होता आणि अक्षरं डागाखाली होती. म्हणजे हे तिनं कधीच शोधून ठेवलं होतं. पटापाशी ती वीस मिनिटं चाल शोधत नव्हती.

मी वही अप्पांच्या मांडीवर ठेवली आणि ते अक्षर बोटानं दाखवलं. सहीच्या वेळी ती काय बोलली तेही सांगितलं. अप्पांनी चष्मा लावून ते पान दोनदा वाचलं. अप्पांना सुरुवातींची पुस्तकं कळत नाहीत, पण घोडा राजापुढं म्हणजे काय ते कळतं. हुमनाबादचा स्टँड आला, गाडी थांबली, सुटली, तरी ते पान त्यांच्या मांडीवर उघडंच होतं.

"म्हंजी तिला ठावं होतं," शेवटी ते म्हणाले.

"व्हय."

"ठावं असून हरली."

"व्हय, अप्पा."

त्यांनी वही मिटली आणि घर येईपर्यंत दोन्ही हातांनी छातीशी धरून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी त्यांनी तिकडे फोन करून लग्न मोडलं. वर्षभर पुढं नव्हे, कायमचं. कारण विचारलं तर म्हणाले, माझ्या मनाला येईना. पोरीचं नाव त्यांनी ओठावर येऊ दिलं नाही. पुढे महिनाभरात दोनदा एक पांढरी जीप दुकानासमोर येऊन उभी राहिली. काचा वर होत्या, कुणी उतरलं नाही. अप्पा पायरीवर खुर्ची टाकून तिच्याकडे बघत बसले, ती निघून जाईपर्यंत.

मी राज्याला गेले, तिथं मधेच कुठेतरी आले, आणि म्हैसूरचं वर्ष संपवून परत आले. आता बसवकल्याणला शिकवते आणि शनिवारी मुलींना बुद्धिबळ शिकवते. तिची चौकशी मी केली. थोरली सून माहेरी पोचली, एवढं एका ओळखीच्या बाईकडून कळलं. मुलीचं त्याच वैशाखात लग्न लावून दिलं, माझ्यासाठी धरलेल्या मुहूर्तावर. कुठे दिली ते कुणी नीट सांगत नाही. दरवर्षी निवड स्पर्धेची यादी भिंतीवर लागली की मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बोट फिरवते. आडनाव बदललं असेल म्हणून नुसती पहिली नावं वाचते. सात वर्षं झाली.

शनिवारच्या मुलींना मी वानवळ्याचं प्यादं शिकवते, आणि त्याच तासाला ते परतवायचं कसं तेही शिकवते. खाऊ नये, घोडा राजापुढं. वही त्यांच्यासमोर उघडून ठेवते. शाईचं अक्षर माझं आहे हे त्यांना ओळखू येतं. पेन्सिलीचं कुणाचं, असं एखादी विचारतेच. माझ्या नणंदेचं, असं मी सांगते.